‘थ्रोन ऑफ अटलांटिस’ घ्यावे की ‘ड्राउन्ड अर्थ’?

जस्टिस लीग (सुपरमॅन, बॅटमॅन आदी अतिमानवी नायकांचा संघ) आणि ॲक्वामॅन (समुद्राखालच्या अटलांटिस राज्याची आई आणि जमिनीवरचे वडील यांचा मुलगा, त्या संघातला एक नायक) या दोन मालिका एकमेकींत गुंफून समुद्राखालून जगावर येणाऱ्या संकटाची कथा डीसी कॉमिक्सने सहा वर्षांच्या अंतराने दोनदा सांगितली आहे. पहिली ‘थ्रोन ऑफ अटलांटिस’, 2012 च्या नोव्हेंबरपासून 2013 च्या फेब्रुवारीपर्यंत अंकांतून आलेली. दुसरी ‘ड्राउन्ड अर्थ’, 2018 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आलेली. आयात केलेल्या कॉमिक्स संग्रहांच्या किमती पाहता आपल्याकडचा वाचक दोन्ही एकदम घेईलच असे नाही, त्यामुळे आधी कोणते घ्यावे हा प्रश्न रास्त आहे. मी दोन्ही वाचले आहेत, दोन्हींकडे पुन्हा वळून पाहिले आहे, आणि माझा कल पहिल्याकडे आहे. तो का, हे मांडताना दुसऱ्यावर अन्याय होऊ नये असा प्रयत्न करतो.

डीसीची प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्था मार्व्हलची ‘अटलांटिस अटॅक्स’ ही 1989 सालची कथा या तुलनेत घेतलेली नाही. ती त्या वर्षीच्या 14 वार्षिकांकांत पसरलेली आहे. तिचा सूर आणि बांधणी निराळी असल्यामुळे ती या दोघींच्या पंक्तीला बसवणे मला योग्य वाटत नाही.

‘थ्रोन ऑफ अटलांटिस’चे लेखन संपूर्णपणे जेफ जॉन्स यांचे आहे. त्यांनी आणि इव्हान रेइस यांनी 2011 मध्ये ॲक्वामॅन नव्याने उभा केला होता. इथे रेइस जस्टिस लीगचे अंक रेखाटतात आणि ॲक्वामॅनचे अंक मुख्यतः पॉल पेलेटियर यांच्याकडे जातात. कथेची ठिणगी अगदी साधी आहे. अमेरिकी नौदलाची क्षेपणास्त्रे भलत्याच दिशेला वळतात आणि अटलांटिसवर कोसळतात. तिथला राजा ऑर्म हा ॲक्वामॅनचा, म्हणजे आर्थरचा, सावत्र भाऊ. त्याच्या दृष्टीने हे युद्ध पुकारल्यासारखेच आहे, आणि त्याची प्रजा मेलेली असल्यामुळे त्याला सर्वस्वी चूक म्हणणेही कठीण जाते. मग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लाट येते. मेट्रोपोलिस, गॉथम आणि बॉस्टन पाण्याखाली जातात. पहिली दोन शहरे काल्पनिक, तिसरे खरे. त्या तिसऱ्या नावाने अंगावर जो काटा येतो तो पहिल्या दोन नावांनी येत नाही.

या कथेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट लाटेनंतर येते. शहरे ज्या क्रमाने बुडत आहेत तो आर्थरला ओळखीचा वाटतो, कारण पृष्ठभागावर चढाई करायची वेळ आलीच तर ती कशी करावी, याची योजना त्याने स्वतःच अटलांटिसमध्ये असताना भावाबरोबर आखलेली असते. हे तो बॅटमॅनसमोर कबूल करतो. तिथून पुढे जस्टिस लीगमधला प्रत्येक संवाद निराळा ऐकू येतो. बॅटमॅन, सुपरमॅन आणि वंडर वुमन यांना ऑर्म ताब्यात हवा आहे; आर्थरला आधी भावाशी बोलायचे आहे; आणि कोणाचेच म्हणणे अवाजवी नाही. शहर बुडालेले असताना न्याय आधी की समेट आधी, एवढ्याच प्रश्नावर मित्र एकमेकांवर हात उगारतात. एका बाजूला आईचे राज्य, दुसऱ्या बाजूला वडिलांची भूमी, आणि मधोमध उभ्या माणसावर दोन्हीकडून अविश्वास, ही आर्थरची मूळची जखम इथे पहिल्यांदा संपूर्ण जगासमोर उघडी पडते.

दुसरा प्रसंग लीगमधल्या सायबॉर्गचा. सायबॉर्गच्या, म्हणजे व्हिक्टरच्या, शरीरातले बरेचसे यंत्र झालेले आहे, पण फुप्फुसाच्या रूपाने त्याचे थोडे माणूसपण शिल्लक आहे. त्याला समुद्राच्या तळाशी जाता यावे म्हणून वडील जो बदल सुचवतात, त्यात तेही जाणार असते, म्हणून तो नकार देतो. पुढे लीगचे प्रमुख सदस्य समुद्रात खोलवर अडकतात आणि त्यांना आणायला जाऊ शकेल असा दुसरा कोणी उरत नाही. तेव्हा तो होकार देतो. त्यावर लांबलचक स्वगत नाही. पाने मोजकी, शब्द मोजके, आणि वडिलांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते वाचकाने आपले आपण वाचायचे. पाण्याखाली श्वास घेता येणे ही या प्रकारच्या कॉमिक्समध्ये सहज बहाल होणारी शक्ती आहे. इथे तिची किंमत मोजावी लागते, आणि ती एका तरुणाने आपल्या उरलेल्या श्वासाने मोजलेली असते.

उणिवा याही कथेत आहेत. सुपरमॅन आणि वंडर वुमन यांच्या तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या प्रेमप्रकरणाला सुरुवातीला दिलेली पाने मुख्य कथेला फारशी लागत नाहीत. सायबॉर्ग मदतीला बोलावतो त्या नायकांची फौज मोठी आहे, झटॅना, ब्लॅक कॅनरी, फायरस्टॉर्म, व्हिक्सन असे बरेच जण त्यात आहेत, पण त्यांना उभे राहायलाही पुरेशी जागा मिळत नाही. आर्थरची जोडीदार मेरा हिच्या वाट्याला फारच थोडे येते, आणि याची मला खरोखर खंत वाटते, कारण जॉन्स यांच्याच ॲक्वामॅन मालिकेच्या सुरुवातीच्या अंकांत ती किती ठसठशीत होती हे ज्यांनी वाचले आहे त्यांना ही उणीव जाणवल्याशिवाय राहणार नाही. शिवाय ‘जगावरचे संकट’ म्हणावे तर प्रत्यक्षात बुडतो तो अमेरिकेचा एक किनारा. संपूर्ण पृथ्वी हवी असेल, तर ती दुसऱ्या कथेत आहे.

‘ड्राउन्ड अर्थ’मध्ये स्कॉट स्नायडर, जेम्स टायनियन आणि डॅन ॲबनेट असे तीन लेखक आहेत. परक्या जगांच्या समुद्रांचे तीन देव पृथ्वीवर चालून येतात. त्यांचे म्हणणे असे की पूर्वी इथेच आपला विश्वासघात झाला. त्यांनी आणलेले पाणी नुसते बुडवत नाही. ते ज्यांना स्पर्श करते त्यांचे जलचरांसारख्या अक्राळविक्राळ प्राण्यांत रूपांतर करते. सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर याच्या टोळीच्या वतीने आर्थरचा जुना वैरी ब्लॅक मँटा या सगळ्याला हातभार लावतो. आर्थर आणि वंडर वुमन देवांच्या स्मशानात अडकलेले आहेत, बॅटमॅन हाडे मोडून जायबंदी झालेला आहे, आणि वर पृथ्वीवर मेरा, अटलांटिसची राणी म्हणून, लढ्याच्या अग्रभागी आहे. पहिल्या कथेत मेराबाबत जे राहून गेले ते इथे बऱ्याच अंशी भरून निघते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

चित्रांच्या बाबतीत तर मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की या दोन कथांतली सर्वांत सुंदर पाने ‘ड्राउन्ड अर्थ’मध्येच आहेत. फ्रान्सिस मानापूल यांनी जस्टिस लीगच्या अंकांत पाणी ज्या रीतीने रंगवले आहे तसे अतिमानवी नायकांच्या कॉमिक्समध्ये क्वचित पाहायला मिळते. त्यांचा रंग सपाट निळा नसतो. वरून उतरणारा उजेड, खोलीबरोबर दाट होत जाणारा हिरवा, आणि त्यात तरंगणाऱ्या शरीरांचा हलकेपणा असे सगळे एकाच चौकटीत मिसळलेले असते. रेइस यांची रेषा घट्ट आणि कोरीव आहे, ती सैन्य आणि चिलखते उत्तम दाखवते. पण ओलावा मानापूल यांच्याकडे जास्त आहे. केवळ चित्रांसाठी संग्रह घेणाऱ्याने हा परिच्छेद वाचून थांबले तरी चालेल.

माझे मत ज्या एका त्रासामुळे ठरले, तो नेमका याच सुंदर पानांवर होतो. पाणी चढत असते, शहर बुडत असते, आणि कोणीतरी इतिहास सांगत असते. देव आले की ते कोण, कुठल्या जगाचे, त्यांचे पूर्वीचे वैर कोणाशी, याचे निवेदन सुरू होते. एखादी वस्तू हाती लागली की ती कोणी घडवली आणि तिच्यात कोणती शक्ती आहे हे सांगितले जाते. लूथरच्या योजनेचा संदर्भ आला की त्याची मागची कडी जोडून दाखवली जाते. संवादांचे फुगे आणि निवेदनाच्या पट्ट्या इतक्या दाटीने येतात की मानापूल यांनी मोठ्या कष्टाने मोकळे सोडलेले पाणी मजकुराखाली जाते. पाण्याच्या चित्रात मोकळी जागा म्हणजेच पाणी. ती जागा अक्षरांनी भरली की खोली नाहीशी होते. मला अशी कित्येक पाने दोनदा पाहावी लागली, एकदा मजकूर समजून घेण्यासाठी आणि एकदा तो मजकूर नाही असे मानून नुसते चित्र पाहण्यासाठी.

हा त्रास लेखकांच्या हौसेतून आलेला नसावा, तो कथेच्या जागेमुळे आला असावा, असे मला वाटते. ‘ड्राउन्ड अर्थ’ ही 2018 च्या मध्यापासून स्नायडर यांच्या जस्टिस लीगमध्ये सुरू असलेल्या मोठ्या कथेच्या पोटात घडते. विश्वाच्या सीमेवरची भिंत फुटली आहे, तिथून आलेल्या एका गूढ शक्तीसाठी लीग आणि लूथर यांची चढाओढ चालू आहे, आणि त्यातच हा पूर आला आहे. दुसऱ्या बाजूला, मेरा राणी कशी झाली याचे उत्तर ॲबनेट यांच्या ॲक्वामॅनच्या आधीच्या अंकांत आहे. ज्यांनी हे सगळे महिन्यामागून महिना वाचले त्यांना ते निवेदन कदाचित उजळणीसारखे वाटले असेल आणि बोचलेही नसेल. हा संग्रह एकटा हाती घेणाऱ्याला मात्र जिथे डोळे विस्फारायचे तिथे कपाळाला आठ्या पडतात. शेवटचेही तसेच आहे. आर्थर ज्या अवस्थेत नाहीसा होतो ती या कथेची अखेर नसून पुढच्या कथेचा आरंभ आहे, आणि तो धागा 2018 च्या डिसेंबरमध्ये केली सू डीकॉनिक यांनी ॲक्वामॅनच्या 43 व्या अंकापासून उचलला. त्या अंकांबद्दल मला आदर आहे. पण म्हणून आधीचे पुस्तक अर्ध्यावर संपावे हे मनाला पटत नाही.

याउलट ‘थ्रोन ऑफ अटलांटिस’मध्ये नावे कमी आहेत आणि जी आहेत ती नात्यांची आहेत: भाऊ, वडील, जुना सल्लागार, मित्र. क्षेपणास्त्रे नेमकी कोणी वळवली हे इथे सांगत नाही, परंतु ते उघड झाल्यावर त्यामागे जगाच्या पलीकडची कोणतीही शक्ती नाही, एका माणसाची चुकीच्या मार्गाला लागलेली निष्ठा आहे, एवढे सांगितले तर वाचनाचा आनंद कमी होणार नाही. शेवटी आर्थरला जी निवड करावी लागते तिच्यात त्याचा विजय आहे आणि तो विजय त्याला नको आहे. ऑर्मला शिक्षा होते, तरीही त्याची बाजू पुस्तक मिटल्यावर मनातून जात नाही. 2018 चा ॲक्वामॅन चित्रपट पाहून ‘ऑर्म म्हणजे सत्तेचा भुकेला राजा’ अशी ज्यांची समजूत झाली आहे, त्यांनी तर ही मूळ कथा आवर्जून वाचावी. चित्रपटातला ऑर्म युद्धासाठी निमित्त शोधतो, इथल्या ऑर्मवर युद्ध येऊन आदळते.

अर्थात आवड ही आवड असते. ज्यांनी स्नायडर यांची जस्टिस लीग आधीपासून वाचली आहे, ज्यांना देव, प्राचीन शाप आणि विश्वव्यापी उलथापालथ यांची ओढ आहे, किंवा ज्यांना मेरा अग्रभागी हवी आहे, त्यांना ‘ड्राउन्ड अर्थ’ अधिक भावेल. एका रात्रीत संपूर्ण पृथ्वीचे रूप पालटते ही कल्पना ज्या आत्मविश्वासाने तिथे मांडली आहे, तो आत्मविश्वास पहिल्या कथेत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर, जे पुस्तक एका बैठकीत संपले आणि संपल्यावर कोण बरोबर होते यावर विचार करायला लावले, ते ‘थ्रोन ऑफ अटलांटिस’. जे मी चित्रांसाठी पुन्हा उघडतो पण सलग वाचायला घेत नाही, ते ‘ड्राउन्ड अर्थ’.

पहिली कथा घ्यायचे ठरल्यास खरेदीपूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती एकाच नावाच्या दोन वेगवेगळ्या संग्रहांत आली आहे, एक जस्टिस लीगचा तिसरा खंड आणि दुसरा ॲक्वामॅनचा तिसरा खंड, आणि दोघांतही मुख्य पाच प्रकरणे तीच आहेत. मुखपृष्ठे वेगळी असल्यामुळे हे दोन भाग आहेत असे समजून दोन्ही मागवले जाण्याची शक्यता बरीच आहे. जस्टिस लीगच्या खंडात आधी चीता या खलनायिकेची दोन अंकी स्वतंत्र कथा येते, जिचा समुद्राशी काही संबंध नाही. ॲक्वामॅनच्या खंडात आर्थरच्या पूर्वायुष्याचा शून्य क्रमांकाचा अंक आहे आणि त्यानंतर 14 वा अंक, म्हणजे या कथेची नांदी, ज्यात दोघे भाऊ युद्धाच्या आधी एकमेकांना भेटतात. ती भेट वाचल्याशिवाय पुढची लाट पाहू नये, म्हणून ॲक्वामॅनचाच खंड मागवावा.