फ्रीमाँटमधील घरपोच नोटरी सेवा : आईच्या कुलमुखत्यारपत्राचा अनुभव

नाशिकचा फ्लॅट विकण्याचे ठरले तेव्हा आई आमच्याकडे कॅलिफोर्नियात होती, त्यामुळे भावाच्या नावाचे कुलमुखत्यारपत्र येथेच नोटरीसमोर करून पाठवणे भाग होते. पहिल्या दुकानातून आम्हांला परत पाठवले गेले. भारतीय पासपोर्टवर अमेरिकी इमिग्रेशनचा शिक्का हवा, असे तेथील कर्मचारी सांगत राहिला. वास्तविक ती अट २०१७ पासून उरलेली नाही. म्हणून मी घरी येणाऱ्या नोटरीबाईंना बोलावले.

पासपोर्ट शांतपणे चाळून त्यांनी जी अडचण दाखवली, ती मात्र खरी होती. कायद्याला ओळखपत्रावर छायाचित्र, सही आणि क्रमांक यांच्याबरोबर व्यक्तीचे वर्णनही लागते, आणि आपल्या पासपोर्टवर उंची किंवा डोळ्यांचा रंग नसतो. मागच्या वर्षी आमच्या घराच्या कर्जाच्या कागदांसाठी त्या येऊन गेल्या होत्या आणि तेव्हा आईच्या हातचा चहाही प्यायल्या होत्या, तरी ती ओळख आज उपयोगाची नव्हती, कारण नोटरीच्या वैयक्तिक ओळखीवर सही साक्षांकित करण्याची मुभा कॅलिफोर्नियाने २००८ पासूनच काढून घेतली आहे. उरला आईची ओळख शपथेवर पटवणाऱ्या दोन साक्षीदारांचा मार्ग. ते आईला ओळखणारे हवेत, त्यांच्याकडे स्वतःची वैध ओळखपत्रे हवीत, त्यांचे नाव दस्तात नसावे आणि व्यवहारात त्यांचा आर्थिक हितसंबंध नसावा. मी मुलगी असल्याने बाजूला राहिले आणि शेजारच्या दोन वहिनींना बोलावले. हे सारे फोनवरच विचारून सांगितले असते तर त्या दोघींना स्वयंपाक अर्धवट टाकून धावत यावे लागले नसते; या सेवेबद्दल माझी तक्रार आहे ती एवढीच.

पुढचे काम पाहण्यासारखे होते. दोघींना शपथ देऊन त्यांच्या सह्या नोंदवहीत घेतल्या. मग नोटरीबाईंनी आईला थेट विचारले, की हा कागद कशाचा आहे हे तुम्हांला माहीत आहे का आणि सही तुमच्या मर्जीने करीत आहात का. मी मराठीत समजावू लागताच त्यांनी मला थांबवले, कारण दुभाष्यामार्फत हे काम करता येत नाही. आई निवृत्त शिक्षिका आहे, तिने सावकाश पण स्वच्छ इंग्रजीत उत्तर दिले. सही तिने नेहमीप्रमाणे देवनागरीत केली, त्या सहीला काहीच हरकत आली नाही.

उजव्या अंगठ्याचा ठसा मागितला तेव्हा मात्र आईचा चेहरा उतरला. आयुष्यभर मुलांना सही करायला शिकवलेल्या बाईला अंगठा उठवायला सांगणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. मालमत्तेचे दस्त आणि कुलमुखत्यारपत्र यांसाठी हा ठसा सर्वांनाच द्यावा लागतो आणि तो दस्तावर न उमटता फक्त नोंदवहीत राहतो, हे नोटरीबाईंनी तिला आदराने समजावले. भांडी घासून झिजलेल्या अंगठ्याचा पहिला ठसा पुसट आला. त्यांनी ओल्या टिपकागदाने बोट हलकेच पुसून, स्वतःच्या हाताने धरून दुसरा घेतला. उद्या कोणी आईच्या नावाने खोटा कागद पुढे आणला, तर हाच ठसा तिच्या बाजूने उभा राहील, म्हणून मला त्या दहा मिनिटांचे मोल फार वाटते.

शुल्क एका सहीचे १५ डॉलर, जी कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा आहे. येण्याजाण्याचे पैसे वेगळे, पण ते आधीच स्पष्ट सांगितलेले होते. नोटरीच्या प्रमाणपत्राच्या वरच्या चौकटीत लिहिलेलेच असते, की नोटरी केवळ सही करणाऱ्याची ओळख पडताळतो, मजकुराच्या खरेपणाची हमी देत नाही. म्हणून मसुदा नाशिकच्या वकिलाकडून आधी तपासून घ्यावा. सही झाल्यावर राज्याची राजधानी सॅक्रामेंटोहून ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणपत्र, घ्यावे लागते, आणि कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते. वृद्ध आईवडिलांचे काम असेल तर मी याच बाईंना पुन्हा बोलावीन, फक्त पासपोर्टचे पान त्यांना आदल्या दिवशीच पाठवून ठेवीन.