कासवाच्या पिल्लाचा पहिला हिवाळा: झोपू द्यावं की जागं ठेवावं?

ब्रिटन-जर्मनीतल्या मराठी घरांत मुलांच्या हट्टाखातर हर्मन किंवा हॉर्सफिल्ड कासवाचं पिल्लू येतं आणि ऑक्टोबर लागला की आईबाबा गोंधळतात. याला शीतनिद्रेला जाऊ द्यायचं का? हा प्रश्न भूमध्य सागराकाठच्या आणि मध्य आशियातल्या जातींपुरताच आहे. आफ्रिकेतलं सुल्काटा किंवा आपल्याकडचं स्टार कासव हिवाळी झोप घेत नाही, त्याला गारठ्यात ठेवलं तर ते मरेल. (स्टार कासव भारतात घरी पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.)

‘एवढुसं पिल्लू कसं झोपवायचं?’ ही काळजी मी समजू शकते. पण जंगलात हर्मनची पिल्लं पहिल्याच हिवाळ्यात मातीत शिरून झोपतात. अडचण वयाची नसते, तयारीची असते.

जागं ठेवायचं तर अर्धवट ठेवून चालत नाही. दिवसभर बारा तास उजेड, यूव्हीबी दिवा (उन्हासारखे अतिनील किरण देणारा), ऊब घ्यायच्या जागी ३० ते ३२ अंश, आणि भर डिसेंबरात डँडेलियनसारखा पाला शोधायचा. विजेचं बिल वाढतं ते वेगळंच. सर्वांत वाईट म्हणजे दिवा न लावता १२-१५ अंशांच्या खोलीत पिल्लाला तसंच सोडणं. ते धड खातही नाही, धड झोपतही नाही. अंगातला साठा मात्र संपत जातो. माझ्या मते या मधल्या अवस्थेइतका घातक पर्याय दुसरा नाही.

झोपवायचं तर शेडमधल्या खोक्यापेक्षा फ्रिज कितीतरी बरा. शेडमध्ये एका रात्रीत पारा शून्याखाली जाऊ शकतो, आणि त्यात डोळे कायमचे जाऊ शकतात. बर्फाचा कप्पा नसलेला वेगळा लहान फ्रिज घ्या आणि तापमान ५ अंशांच्या आसपास ठेवा. ३ ते ७ चालतं. १० च्या वर गेलं की पिल्लू जागं होऊ लागतं. आत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की तापमान फारसं हलत नाही. ताज्या हवेसाठी दार रोज थोडा वेळ उघडायचं. फ्रिजमध्ये ठेवण्याआधी दोनेक आठवडे खाणं बंद, कारण पोटात अन्न राहिलं तर ते आतच सडतं. कोमट पाण्याची आंघोळ मात्र चालूच. झोपेतही पिल्लाला नियमितपणे वजनकाट्यावर ठेवून पाहायचं. वजन दहा टक्के घटलं, किंवा पिल्लानं झोपेत लघवी केली, की लगेच उठवायचं. लघवीवाटे पाणी गेलं की शरीर कोरडं पडतं.

माझं मत विचाराल तर उन्हाळाभर तुमच्यासमोर नीट खाल्लेल्या, वाढलेल्या पिल्लाला पहिल्या वर्षी तीन-चार आठवडेच झोपू द्या. त्याआधी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून जंतांसकट तपासणी हवीच. पिल्लू सप्टेंबरनंतर घेतलं असेल, नाक वाहत असेल किंवा डोळे सुजले असतील, तर यंदा दिव्याखाली जागंच ठेवा. एक हिवाळा झोप हुकली म्हणून निरोगी पिल्लाचं काही बिघडत नाही.

उठवल्यावर आधी कोमट पाण्यात बसवून पाणी पिऊ द्या, मग ऊब आणि उजेड. आठवडाभरात खायला लागलं नाही, तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.