जुन्या गोठ्याच्या भिंतींना गिलावा कशाचा: चुन्याचा की सिमेंटचा?

जुना दगडी गोठा राहतं घर म्हणून उभा करायला घेतला की छपराचे, खिडक्यांचे, वायरिंगचे निर्णय भराभर होतात. गाडी अडते ती भिंतींपाशी. आमच्याकडे दोन्ही गिलावे आहेत. आधीच्या मालकांनी अर्धा गोठा राहण्यासाठी म्हणून सिमेंटने गिलावून ठेवला होता, उरलेला अर्धा आम्ही चुन्याने केला. जनावरं दोन्हीकडे बांधली जायची, वर वैरणीचा माळा सलग होता, दगड तोच आणि पाऊसही त्याच बाजूने येतो. मधल्या दाराच्या अलीकडे सिमेंट, पलीकडे चुना, आणि या दोन्हींत आम्ही सहा वर्षं राहतो आहोत. हे काही प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे. तुमची इमारत वेगळी असेल, तुमची जमीनही. तरी निर्णय घ्यायच्या आधी हा अनुभव हाताशी असलेला बरा.

सिमेंटच्या बाजूने बोलायचं तर वेळ आणि माणसं. सिमेंटचं काम येणारा गवंडी शोधावा लागत नाही, एक खोली आठवड्याभरात उरकते, कोपरे काटकोनात येतात, कपाट भिंतीला सपाट टेकतं. घरात लहान मुलं असतील आणि भाड्याच्या जागेतून लवकर बाहेर पडायचं असेल, तर हे फायदे फार मोठे वाटतात. मलाही वाटले होते.

चुन्याचं सगळं याच्या उलट. कळीचा चुना विरवून त्याचा लगदा निदान तीन महिने मुरू द्यावा लागतो. मग एक भाग चुना, तीन भाग टोकदार कणांची धुतलेली वाळू, पहिल्या थरात भेगा पडू नयेत म्हणून जनावराचे केस, आणि हे सगळं भरपूर मळायचं. थर साधारण १० मिलिमीटरचा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होऊ लागेपर्यंत पुढचा थर चढवता येत नाही. ऊन लागू द्यायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, ओली गोणपाटं टांगून ठेवायची आणि तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम थांबवायचं. ओला चुना कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर फारच वाईट. हातमोजे आणि चष्मा यांत हयगय नको. आमच्या तीन खोल्यांना चौदा आठवडे लागले, आणि त्या चौदा आठवड्यांत घरात दोनदा तरी कडाक्याचं भांडण झालं.

इथवर वाचून सिमेंट घ्यावंसं वाटलं तर नवल नाही. पण जोसेफ अ‍ॅस्पडिन या इंग्रज गवंड्यांनी पोर्टलंड सिमेंटचं, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंट घेतलं ते १८२४ साली. त्याआधीची दगडी भिंत बांधणाऱ्याच्या हाती चुना होता किंवा नुसती माती. अशा भिंतीच्या तळाशी ओल अडवणारा थर नसतो. बाहेर आणि आत दगडांची एकेक रांग, मध्ये भर, आणि जाडी दोन-दोन फूट. पाणी तिच्यात शिरतं हे गृहीतच धरलेलं असतं. ते दगडांपेक्षा मऊ अशा दर्जांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, परत बाहेर पडतं. सिमेंटचा गिलावा ही परतीची वाट बंद करतो आणि त्याला एक बारीक चीर गेली की पाणी आत घेतो मात्र. मग भिंत कायम ओली राहते, आणि ओली भिंत थंडीत कोरड्या भिंतीपेक्षा कितीतरी गार लागते.

एवढं तुम्हीही कुठे ना कुठे वाचलं असेल. माझा निर्णय या तत्त्वामुळे झाला नाही, लोण्यामुळे, म्हणजे भिंतीवर फुटणाऱ्या क्षारांमुळे झाला.

घरातल्या भिंतींना लोणा लागतो, तसा गोठ्यातला लोणा नसतो. पिढ्यानपिढ्या जनावरांचं मूत आणि शेण भिंतीच्या तळाशी मुरलेलं असतं. त्यातल्या नायट्रोजनचे जिवाणूंच्या करणीने नायट्रेट क्षार होतात. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा पूर्वी गोठ्या-तबेल्यांच्या भिंतींवरून आणि जमिनीतून खरवडून काढत, तो याच घराण्यातला. यातला कॅल्शियम नायट्रेट विशेष त्रासदायक. हवेतली आर्द्रता निम्म्याच्या वर गेली की तो हवेतलंच पाणी ओढून विरघळतो. म्हणजे छप्पर गळत नाही, नळ फुटलेला नाही, जमिनीतून ओल चढत नाही, तरी दमट हवेत भिंत ओली.

आमच्या सिमेंटच्या खोलीत हेच होत होतं. पलंगाच्या डोक्याशी, जिथे पूर्वी गव्हाण होती तिच्या बरोबर वर, दमट दिवसांत एक गडद डाग उमटायचा. उघडीप पडली की नाहीसा व्हायचा आणि मागे पांढरी लव ठेवून जायचा. बोट फिरवलं की ती लव कापसासारखी दबायची आणि खाली बारीक भुकटी पडायची. बोटाच्या पेराने वाजवलं तर आजूबाजूची भिंत ठण्ण, डागापाशी पोकळ. क्षार गिलाव्यामागे जमून स्फटिक होताना त्याला पुढे ढकलत होते. एका ठेकेदाराने जमिनीलगत भोकं पाडून रसायन भरलं आणि ओल चढायची थांबेल असं सांगितलं. ओल चढतच नव्हती, तर थांबणार काय? आम्ही डाग खरवडला, रंग दिला. पुढच्या वर्षी तो वीतभर वर सरकला.

डाग मी सहन केला असता, पण वास सहन झाला नाही. हवा दमट झाली की त्या खोलीत गोठ्याचा वास परत यायचा. मंद, आंबूस, उशीला आणि पांघरुणांना धरून बसणारा. मुलीने एकदा शाळेला निघताना स्वेटर नाकाला लावला आणि काही न बोलता तो काढून ठेवला. मला वाटतं, निर्णय त्या सकाळीच झाला.

आता दाराच्या पलीकडे. चुन्याच्या खोल्यांत क्षार नव्हते असं मुळीच नाही. पहिल्या वर्षी तिथे सिमेंटच्या खोलीपेक्षाही जास्त लव फुटली, आणि हे आधी कुणी नीट न सांगितल्यामुळे मी पार खचलो होतो. फरक एवढाच की ती पृष्ठभागावर फुटली. दर रविवारी मऊ कोरड्या ब्रशने झाडायची, खाली कागद धरायचा आणि गोळा झालेलं घराबाहेर टाकायचं. पाणी लावून पुसायचं नाही, पुसलं की क्षार परत आत जातात. तळाचा मीटरभर पट्टा आम्ही मुद्दामच कमकुवत आणि सच्छिद्र केला होता, क्षारांनी खावा म्हणून. दीड वर्षाने तो खरवडून काढला आणि तेवढाच नव्याने लावला. तिसऱ्या वर्षापासून लव नावापुरती उरली. तिथला वास पहिल्याच कोरड्या ऋतूत गेला, तो परत आलेला नाही. चुन्याने क्षार नाहीसे होत नाहीत, त्यांना बाहेर यायला वाट मिळते. गोठ्याच्या भिंतीला मला वाटतं हीच गोष्ट लागते.

चुन्याच्या तक्रारी अर्थात आहेत. चुन्याच्या सफेदीचे चार-पाच पातळ हात देऊनही काळ्या कपड्यांवर थोडी भुकटी येते. खिळा ठोकताना दगडाची दर्ज शोधावी लागते. केसासारख्या बारीक चिरा पडतात, त्या पुढच्या हातात भरून निघतात. आणि प्लास्टिकचा रंग कधीही लावायचा नाही, नाहीतर एवढं करून भिंत पुन्हा कोंडलीच.

पावसाच्या माऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला नुसता मुरलेला लगदा तग धरत नाही. तिथे जलीय चुना हवा. ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो तिचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो, हे इंग्रज अभियंते जॉन स्मीटन यांना १७५६ साली एडिस्टोन दीपगृहाच्या कामाच्या वेळी उमगलं. आज तो पोत्यात मिळतो, पोत्यावर २, ३.५ किंवा ५ असा आकडा असतो. २८ दिवसांनंतरची किमान दाबशक्ती त्यावरून कळते, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. मऊ दगडाला ५ चा मोह धरू नका. आम्ही बाहेर ३.५ वापरला आणि तो पुरला. पोत्यावर नुसतं ‘चुना’ लिहिलं असेल आणि आत सिमेंट मिसळलेलं असेल तर ते परत करा.

सिमेंटला आमच्या घरात जागाच नाही असंही नाही. न्हाणीघर आम्ही मूळ भिंतींपासून सुटं, नव्या विटांत उभं केलं, तिथे सिमेंटच आहे आणि उत्तम आहे. तुमची इमारत सिमेंटच्या काळातली असेल, तळाशी ओलरोधक थर असेल, जनावरं कधी बांधलीच नसतील, तर चुन्यासाठी एवढा जीव काढायचं कारण मला दिसत नाही. भिंतीपुढे चौकट उभारून जिप्समचे बोर्ड ठोकण्याचा तिसरा मार्गही सुचवला जातो. डाग दिसत नाही एवढंच होतं, भिंत मागे तशीच राहते.

अजून ठरत नसेल तर दमट दिवसांत ओल्या डागावर अ‍ॅल्युमिनियमचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. कागदाच्या खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल खोलीतल्या हवेची, भिंतीकडच्या बाजूला असतील तर भिंतीतली. शिवाय बाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा वर चढलेली असेल तर ती आधी निदान वीतभर खाली उतरवा आणि पन्हळी दुरुस्त करा. गिलावा कुठलाही घ्या, हे करावंच लागतं.

सिमेंटची खोली आम्ही येत्या कोरड्या ऋतूत सोलणार आहोत. मागच्या महिन्यात अंदाज यावा म्हणून गव्हाणीच्या वर हातभर जागा छिन्नीने उघडली. गिलावा निघाला, पण दोन ठिकाणी दगडाचा तोंडवळाही त्याच्याबरोबर सुटून आला, नखाएवढ्या जाडीचा, आणि त्याच्या पाठीवर दगड घडवणाऱ्याच्या टाकीच्या खुणा स्पष्ट होत्या. ते दोन तुकडे मी माळ्यावर ठेवले आहेत. परत चिकटवता येतील असं गवंडी म्हणत नाहीत.