पाकीट मागणारा पोलीस

गेले पाच महिने बाबा हा विषय काढू देत नव्हते. परवा स्वतःच म्हणाले, "लिही, आणि आकडाही लिही." म्हणून लिहितेय.

मी म्युनिकला नोकरी करते. एप्रिलमध्ये आई-बाबा कऱ्हाडहून माझ्याकडे आले होते. शनिवार-रविवारला दोन दिवस रजा जोडून आम्ही तिघं बार्सिलोनाला गेलो. आईला समुद्र हवा होता आणि बाबांना जुनं शहर बघायचं होतं. तिथे दोन्ही पायी फिरता येईल इतकं जवळ आहे.

खिसेकापूंबद्दल मी निघण्याआधी दोघांना दहादा बजावलं होतं. ला रांब्ला या गर्दीच्या रस्त्यावर बॅग पोटाशी धरा, मेट्रोत दाराजवळ उभं राहू नका, हॉटेलात टेबलावर मोबाइल ठेवू नका. पोलिसांबद्दल मात्र एक शब्द बोलले नव्हते, कारण ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गॉथिक भागात, म्हणजे जुन्या शहरात होतो. तिथल्या कॅथेड्रलच्या आतल्या चौकात १३ पांढरे हंस पाळलेत. संत एउलालिया तेरा वर्षांची असताना मारली गेली, तिच्या वयाचे तेरा. आई तिथून हलायलाच तयार नव्हती. मग मागच्या बोळात, कारेर देल पारादीसमध्ये, एका साध्या दारातून आत गेलो. आत ऑगस्टसच्या रोमन मंदिराचे चार खांब उभे आहेत, नऊ मीटर उंच, दोन हजार वर्षं जुने, आणि भोवती घराच्या भिंती. बाबा मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिले.

बाहेर आल्यावर आईच्या टाचेला फोड आला होता. पट्टी घ्यायला मी तिला घेऊन औषधाच्या दुकानात गेले. बाबा म्हणाले, "मी इथंच सावलीत थांबतो." आम्हाला फार तर दहा मिनिटं लागली.

तेवढ्यात काय झालं ते बाबांनी नंतर सांगितलं. हातात नकाशा घेतलेला एक माणूस आला आणि मेट्रो कुठे म्हणून विचारू लागला. बाबांनी आदल्या रात्रीच नकाशा पाठ केला होता, त्यांनी आनंदाने लिसेऊ स्टेशन दाखवलं. दोघांची डोकी नकाशात असताना साध्या कपड्यांतले दोघे आले. "पोलीस," म्हणाले, बिल्ला दाखवला आणि पासपोर्ट मागितला. नकाशावाल्याने लगेच स्वतःचा पासपोर्ट काढून दिला, मग पाकीटही दिलं. त्यांनी ते तपासून परत केलं. नंतर बाबांकडे वळले. "फॉल्स मनी, कंट्रोल" एवढं बाबांना कळलं. समोरच्या माणसाने दिलं होतं, मग यांनीही दिलं.

बाबा ३४ वर्षं एसटीत कंडक्टर होते. नोटा लावून ठेवायची त्यांची पद्धत ठरलेली आहे: मोठ्या आत, सुट्ट्या बाहेर, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. त्या माणसाने नोटा बाहेर काढल्या, नाकाशी धरल्या, अंगठ्याने सरकवल्या, आणि तशाच, सुट्ट्या बाहेरच्या बाजूला ठेवून पाकीट परत दिलं. बाबांनी त्याच्यासमोर मोजल्या नाहीत. पोलिसासमोर पैसे मोजणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं त्यांना वाटलं. मी परत आले तेव्हा ते पाकीट खिशात ठेवत होते. म्हणाले, "अगं, चौकशी झाली. चांगली माणसं होती."

जेवणाचं बिल द्यायला त्यांनी पाकीट उघडलं तेव्हा आतल्या शंभराच्या पाच नोटा नव्हत्या. सुट्टे १२० युरो होते. ५०० युरो गेले. बाबांची वर्षभराची पेन्शन धरली तरी तेवढी होत नाही. लेकीवर भार नको म्हणून ते रोख घेऊन आले होते, आणि मला ते माहीतही नव्हतं.

नोउ दे ला रांब्ला रस्त्यावर मोसोस द'एस्क्वाद्रा या कातालान, म्हणजे तिथल्या प्रांताच्या पोलिसांचं ठाणं आहे. तिथे तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, नकाशावाला त्या खोट्या पोलिसांचाच साथीदार. त्याने आधी पाकीट द्यायचं, म्हणजे पुढच्याला ते रीतसर वाटतं. साध्या कपड्यांतले खरे पोलीसही त्या भागात फिरतात, त्यामुळे गणवेश नाही एवढ्यावरून खोटे ओळखता येत नाहीत. खरा पोलीस ओळखपत्र बघायला मागू शकतो, पण रस्त्यात तुमच्या नोटा मोजत नाही. शंका आली तर ११२ लावायचा, इंग्रजीत बोललं तरी चालतं. किंवा सरळ म्हणायचं, ठाण्यात चला, तिथे दाखवतो. असं म्हटलं की बहुतेक वेळा हे लोक निघून जातात.

तक्रार लगेच करा, हे मला कळकळीने सांगायचंय. तिथे ४०० युरोच्या आतला प्रकार किरकोळ गुन्हा धरला जातो, त्यामुळे नेमकी रक्कम नोंदवणं महत्त्वाचं. विम्यासाठीही तो कागद लागतो. आमच्या पॉलिसीत मात्र रोख रक्कम बसत नव्हती. पासपोर्ट परत मिळाला हे नशीब, नाहीतर तात्पुरत्या कागदांसाठी भारतीय वकिलातीकडे धाव घ्यावी लागली असती.

त्या रात्री खोलीत बाबा कागदी रुमालाचे तुकडे करून बसले होते. पाच आत, चार बाहेर. तो माणूस कसा धरत होता, अंगठा कुठे होता, हे पुन्हा पुन्हा करून बघत होते. आईने शेवटी दिवा मालवला. उरलेले दोन दिवस त्यांनी कुणालाही रस्ता सांगितला नाही. सग्रादा फमिलिया चर्चसमोर एक म्हातारं जोडपं नकाशा घेऊन आलं, तर बाबा माझ्यामागे जाऊन उभे राहिले.

आपल्याकडून आई-वडील येतात, तेव्हा विमानतळावरच त्यांना हे सांगा. पोलीस म्हटलं की कागद पुढे करायची त्यांना सवय असते, नाही म्हणायचं धाडस होत नाही. रोख किती आणलीय तेही न लाजता विचारा आणि थोडी थोडी वाटून ठेवा.

पुढच्या आठवड्यात मामा-मामी नेपल्सला निघालेत. काल बाबांनी त्यांना फोन लावला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं, नकाशापासून अंगठ्यापर्यंत.