गोधडीची खासगी शिकवणी: शिवण पास, कापड नापास

गोधडी पहिल्यांदा धुतली आणि लाल पट्ट्यांचा रंग पांढऱ्या अस्तरावर उतरला. एखाददुसरा डाग नाही, पायथ्याकडचा हातभर भाग सरसकट गुलाबी. वर कापड आटलं ते वेगळंच, मधल्या चौकटीला सगळीकडून चुण्या. काही महिने तासावर पैसे मोजून शिवलेली वस्तू एका धुण्यात अशी व्हावी याचा मला फार राग आला आहे.

शिकवणी पुण्यात, बाईंच्या घरी. आठवड्यातून एकदा दोन तास, तासाला 500 रुपये. गटाचा वर्ग याच्या निम्म्यात मिळतो. तरी एकटीने शिकायचं ठरवलं, कारण मी डावखुरी आहे. बाकीच्या धावदोरा उजवीकडून डावीकडे घालत जातात, मी डावीकडून उजवीकडे. गटात बाई एकीच्या हाताकडे बघून सगळ्यांना सांगणार, त्यात माझी पंचाईत ठरलेली. इथे बाई शेजारी न बसता समोर बसल्या. त्यांचा उजवा हात माझ्या डाव्यासमोर आला, की आरशात बघून उचलावं तसं उचलता येतं. सुरुवातीचा कोपराही त्यांनी माझ्यासाठी बदलला, फेरा उलट्या दिशेने नेला.

शिकवतात मनापासून. थर जमिनीवर ताणून पसरायचे, चारी बाजूंना वजनं ठेवायची, कच्चा दोरा घालायचा आणि मगच खरी शिवण. कडेने सुरू करून चौकोनामागून चौकोन करत आत यायचं. एका वेळी सुईवर तीन-चार टाके भरून घ्यायचे. दुसरा हात गोधडीखाली, आणि प्रत्येक टाक्याला सुईचं टोक त्या हाताच्या मधल्या बोटाला हलकंच लागलं पाहिजे, तरच सुई तळाच्या थरातून गेली समजायचं. थोड्या थोड्या वेळाने बाई गोधडी उलटी करून पाठ बघायच्या. पाठीला टाका नसला की तेवढी ओळ उसवायला लावायच्या. उसवण्याचा वेळही तासातच धरला जातो, हे मला शेवटपर्यंत खटकलं. कापणंही त्यांच्याकडेच बसून करावं लागलं. ते घरी सहज झालं असतं आणि पैसे वाचले असते.

आता मुख्य तक्रार. साहित्याचा संच त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो, 2,800 रुपये. त्यात छापील सुती कापडं, मांजरपाटाचं अस्तर, दोरा, सुया आणि अंगुस्तान. सगळं कापड नवं कोरं. 'आधी धुवायचं का?' असं मी विचारलं होतं. 'मिठाच्या पाण्यात बुडवा, रंग बसतो,' असं उत्तर मिळालं. मी बुडवलं. पण मिठाचं काम कापड रंगवताना असतं, रंग धाग्याकडे ओढायला. रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग मीठ धरून ठेवत नाही. तो पाण्याबरोबर निघेपर्यंत कापड धुवावंच लागतं.

आमच्या घरी आजीच्या लुगड्यांची गोधडी आहे. माझ्या जन्माआधीची, ना कधी रंग सुटला, ना चुणी पडली. तिला कुणी वेगळी खबरदारी घेतली नव्हती. लुगडी वर्षानुवर्षं धुतलेलीच होती, त्यांना जेवढं आटायचं तेवढं आटून झालं होतं, जो रंग जायचा तो गेला होता. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, करतात, तीही जुन्याच कपड्यांची. कोपऱ्यांना लावायची त्यांची तिकोनी फुलं बाईंनी मला मोठ्या हौसेने शिकवली, पण त्यांचं जुनं कापड तेवढं घेतलं नाही. ही कलाच जुन्या कापडावर उभी आहे. तिच्यात नवं कापड आणायचं तर आधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावायची. हे पहिल्या तासाला सांगायला हवं. कितीही सुंदर शिवलं तरी हे चुकलं की सगळं वाया.

इथवर लिहून ठेवलं तेव्हा दोनच तारे देणार होते. मधल्या आठवड्यात गोधडी बादलीत कोमट पाणी आणि साबणाच्या पावडरीत रात्रभर भिजवली, पाणी बदलत राहिले, मध्ये वाळू दिली नाही. गुलाबी बरंच उतरलं, पूर्ण नाही. मग टाका तुटलाय का ते बघायला खिडकीच्या उजेडात ओळ न् ओळ तपासली. एकही तुटलेला नाही. एवढं पिळून, आपटून, कापड आटूनही शिवण जागची हललेली नाही, पाठीचे टाके पुढच्याइतकेच सारखे. हे त्या उसवून घेण्यामुळे झालं आणि ते पैसे वसूल झाले, असं आता म्हणते. चार तारे शिकवण्याला. संचाला एकही नाही.

बाईंशी बोलले. संचाचे पैसे परत मिळाले नाहीत. मात्र दुसऱ्या गोधडीसाठी मी माझ्या घरच्या साड्या आणल्या तर चालेल, याला त्या तयार झाल्या. एक पाचवारी मधोमध कापून दोन्ही तुकडे शेजारी जोडले की डबल बेडचा एक थर होतो, म्हणजे तीन-चार सुती साड्यांत काम भागतं. सिंथेटिक नेऊ नका, थर सरकतात आणि सुई अडते.

शिकवणी लावणार असाल तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी बोलून घ्या: कापड स्वतःचं चालेल का, आणि कापणं घरी करून आणता येईल का. नवं कापड घ्यायचंच असेल तर ओलं पांढरं फडकं त्यावर दाबून इस्त्री फिरवा. फडक्याला रंग लागला तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नका, दुकानदाराने कितीही खात्री दिली तरी. डावखुऱ्यांनी मात्र एकट्याचीच शिकवणी घ्यावी, तिथे काटकसर करू नये.