पाढे, पत्ते, कागद की अ‍ॅप: गुणाकार-भागाकाराचा सराव घरी कशाने घ्यावा?

रोजची पंधरा मिनिटं द्यायची तयारी आहे, पण ती कशात घालवायची हे ठरत नाही? मग आधी मुलाला दोन प्रश्न विचारा. सात अठ्ठे किती? आणि लगेच, छप्पन्नमध्ये सात किती वेळा? पहिल्याचं उत्तर आलं आणि दुसऱ्याला मूल छताकडे बघू लागलं, तर पाढा पाठ आहे, भागाकार अजून यायचाय.

पाढे म्हणून घेणं याला मी जुनाट म्हणणार नाही. 'सात त्रिक एकवीस, सात चोक अठ्ठावीस' ही लय एकदा जिभेवर बसली की सहसा जात नाही. फक्त मधलंच काही विचारलं की मुलाचे ओठ हलू लागतात: सात एके सात, सात दुणे चौदा... अठ्ठ्यापर्यंत पोचेस्तोवर पुढचा प्रश्न आलेला असतो. पाढे म्हणूनच घ्यायचे असतील तर उलटेही घ्या, आणि अधूनमधून कुठूनही विचारा.

माझं मत तिकोनी पत्त्यांना. जाड कागदाचा त्रिकोण कापा, वरच्या कोपऱ्यात ५६ आणि खालच्या दोन कोपऱ्यांत ७ नि ८ लिहा. अंगठ्याने ५६ झाकलं की गुणाकार, ८ झाकलं की भागाकार. पत्ता एकच, पण त्यात ७×८, ८×७, ५६÷७ आणि ५६÷८ असे चार प्रश्न. पत्ते किती लागतील? १ ते १० च्या पाढ्यांत १०० गुणाकार आहेत खरे, पण ७×८ आणि ८×७ एकच धरले की ५५ राहतात, आणि १, २, ५, १० चे सोपे वगळले की फक्त २१! तेही सगळे एकदम काढू नका. तीन-चार नवे, बाकी येणारे, असे पिसून घ्या. ६×९ = ५४ आणि ७×८ = ५६ हे दोन पत्ते मात्र एकाच दिवशी नवे म्हणून आणू नका; या जोडीत भल्याभल्यांची गल्लत होते. अडलेला पत्ता तोडून दाखवता येतो: पाच अठ्ठे चाळीस, बे अठ्ठे सोळा, झाले छप्पन्न.

पत्त्यांना एक गोष्ट जमत नाही: मोठी उदाहरणं. ६१२ ला ६ ने भागायला द्या. कित्येक मुलं १२ लिहून मोकळी होतात. सहा एके सहा झालं, पुढच्या १ ला भाग जात नाही, तिथे शून्य मांडायचं राहून जातं आणि १०२ चे १२ होतात. ही चूक नेमकी कुठे झाली ते कागदावरच दिसतं. म्हणून तीन आकडी भागाकार सुरू झाला असेल तर वही हवीच, पण पानभर नको. चार उदाहरणं द्या आणि प्रत्येकाचा ताळा मुलालाच करू द्या: भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी.

अ‍ॅप न कंटाळता विचारत राहतं, ही त्याची मोठी सोय (आपण कंटाळतो, हे कबूल करू या). पण चार पर्यायांतून निवडायचं असेल तर मूल अंदाजाने बोट ठेवतं. उत्तर टाइप करायला लावणारं, चुकलेलं पुन्हा विचारणारं आणि घड्याळ बंद करता येणारं असेल तरच घ्या. ज्या मुलाला घाई झाली की येणारंही विसरायला होतं, त्याला घड्याळाचं अ‍ॅप देऊच नका.

आणि सुरुवातीच्या दोन्ही प्रश्नांना मूल गप्प बसलं असेल, तर वरचं सगळं आठवडाभर बाजूला ठेवा. बटणं घ्या किंवा बिया घ्या. १४ बिया तिघांत वाटायला सांगा, मग त्याच १४ बियांचे तीन-तीनचे ढीग करायला सांगा. पहिल्यात प्रत्येकाला ४ मिळतात, दुसऱ्यात ४ ढीग होतात, आणि दोन्ही वेळा हातात २ उरतात. त्या उरलेल्या दोन बियांचं काय करायचं, असं मुलाने स्वतःहून विचारलं की तिकोनी पत्ते कापायला घ्या.