कॅन्सरनंतरचा व्यायामवर्ग : फिजिओथेरपी केंद्राचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातील एका फिजिओथेरपी केंद्रात कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेल्यांसाठी व्यायामाचा स्वतंत्र वर्ग चालतो. स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन आटोपल्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून मी तेथे नाव नोंदवले.

पहिल्या दिवशी व्यायाम झालाच नाही. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधी फाईल वाचली, हिमोग्लोबिन आणि हृदयाच्या इकोचा रिपोर्ट पाहिला, काखेतील गाठी (लसिका ग्रंथी) काढल्या आहेत का ते विचारले आणि दोन्ही हातांचा घेर मनगटाशी, कोपराच्या खाली व वर टेपने मोजून वहीत लिहून ठेवला. हे मोजमाप नंतरही नियमित होते. साध्या जिममध्ये न जाता येथे पैसे का भरावेत, याचे उत्तर मला त्या वहीत मिळाले.

गाठी काढलेल्या बाजूचा हात सुजू शकतो, म्हणून त्या हाताने कळशीसुद्धा उचलायची नाही, असे आपल्याकडे घरातले, शेजारचे सगळेच बजावतात. येथे मात्र त्याच हातात अर्ध्या किलोचे डंबेल दिले गेले आणि घेर वाढत नाही हे पाहूनच वजन थोडे थोडे वाढवले गेले. यामागे आधार आहे. अमेरिकेत 141 महिलांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सूज असलेल्या हाताने आठवड्यातून दोनदा, स्लीव्ह (हातावर दाब देणारी घट्ट बाही) घालून, हळूहळू वजन वाढवत व्यायाम केल्याने सूज वाढली नाही. उलट तक्रारी कमी झाल्या आणि ताकद वाढली. नळाला पाणी आले की आता भरलेली कळशी मीच आत नेते.

झोपूनही न जाणाऱ्या थकव्यावर उपाय म्हणून चालणे सांगितले जाते, तेही बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये इतक्या वेगाने. आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालणे आणि दोनदा ताकदीचा व्यायाम, हे 2019 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतील प्रमाण येथे पाळतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र आपल्या भागात हे चालणे उजाडतानाच उरकावे लागते.

भिंतीवरचा ‘व्यायाम करा, कॅन्सर परत येणार नाही’ हा फलक मला खटकला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या 889 रुग्णांवरील, 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्या गटातील 80.3 टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर रोगमुक्त होते, तर केवळ माहितीपुस्तिका दिलेल्या गटात हे प्रमाण 73.9 टक्के होते. फरक मोठा आहे, पण ती हमी नव्हे, आणि प्रत्येक कॅन्सरला तो जसाच्या तसा लागूही करता येत नाही. मॅडम स्वतः हे स्पष्ट सांगतात. फलक मात्र तसाच आहे.

घरी करायच्या व्यायामाचा कागद इंग्रजीत आहे, ही त्याहून मोठी तक्रार. येथील शासकीय कर्करोग रुग्णालयात जालना, बीड, परभणीहून रुग्ण येतात. त्यांच्यापैकी कोणी या वर्गात आलेच, तर तो कागद घरी नेऊन त्यांनी करायचे काय? वर्गाची सकाळी दहाची वेळही त्यांच्या एसटीशी जुळत नाही. पोटावर स्टोमाची (मल किंवा मूत्र बाहेर येण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेल्या छिद्राची) पिशवी असलेल्यांसाठी वेगळे मार्गदर्शन नाही, त्यांनी आधी फोनवर विचारून घ्यावे. पहिल्या दिवसाच्या तपासणीचे पैसे वेगळे आकारले जातात. महिन्याची फी भरण्याआधी तेवढीच करून घेतली तरी चालते.